आधी सतरंजी, मग संहिता: सीमाभागातल्या गावात नाटक उभं करताना

"गावात नाटक बसवायचंय, एखादी चांगली संहिता सुचवा की." वर्षाला चार-पाच फोन तरी असे येतात. कधी खानापूर तालुक्यातून, कधी निपाणीकडून, कधी बेळगाव शहरातल्या वडगाव-खासबागच्या विणकर गल्लीतून. मी उलट विचारतो, सतरंजी आहे काय? पलीकडचा हसतो. त्याला वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय.

चेष्टा नसते. वीस-पंचवीस माणसं रोज संध्याकाळी कुठल्या जागी, कशावर आणि कुणाच्या शेजारी बसणार, हे ठरल्याशिवाय संहितेला हात लावण्यात अर्थ नसतो. निदान ज्या गावाची घडी विस्कटली आहे तिथं तरी नसतो. वडगाव, खासबाग, शहापूर भागात माग बंद पडून मोडीत निघालेली घरं आहेत. खानापूरच्या पश्चिमेकडची पोरं बारावी झाली की गोव्याची बस धरतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात वेदगंगा-दूधगंगेच्या काठावर भिंती पडल्या आणि त्या कुणाच्या आधी उभ्या राहिल्या यावरून अबोले सुरू झाले. मराठी शाळांचा पट उतरतो आहे. अशा ठिकाणी "कलेतून परिवर्तन" वगैरे बोलणारा माणूस आला की लोक त्याला चहा पाजतात आणि वाटेला लावतात, ते बरोबरच करतात.

नाटकानं माग सुरू होत नाही, पीकही येत नाही. प्रयोग दीड तासाचा असतो, तालीम मात्र चाळीस संध्याकाळी चालते. एकमेकांच्या दारात न जाणारी माणसं त्या चाळीस संध्याकाळी एका सतरंजीवर बसतात, एकमेकांची वाक्यं पाठ करतात, एकाचं वाक्य विसरलं की दुसरा सावरून घेतो. गाव सावरायला लागतं ते इथं. आपल्याकडं कुस्तीच्या आखाड्यालाही तालीम म्हणतात आणि नाटकाच्या सरावालाही. दोन्हीकडं घाम गाळायचा तो मैदानाच्या आधी.

गावात आधीच काय आहे ते बघा

पहिले दोन आठवडे फक्त वही घेऊन फिरा. कुणालाही "नाटकात काम करणार काय" असं विचारू नका. कोण गातं, कोण वाजवतं, कोण शिवतं, कोण रंगवतं एवढंच लिहून काढा.

बेळगावच्या पंचक्रोशीत ही यादी रिकामी राहतच नाही. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचंच घ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गड उभा करायचा, जनरेटरवर दिवे चालवायचे आणि रात्रभर गर्दीसमोर सजीव देखावा करायचा, हे गल्लीगल्लीतली पोरं वर्षानुवर्षं करत आली आहेत. त्यांना कुणी नट म्हणत नाही एवढंच. ट्रॉलीवरची वायरिंग करणारा तुमचा प्रकाशयोजनाकार. थर्माकोलचा बुरूज कापणारा तुमचा नेपथ्यकार. भजनी मंडळात पखवाज आणि पेटी आहे. दिवाळीत किल्ला करणारी पोरं आहेत. यात्रेला नाटक करणारी जुनी पिढी आहे, तिला अजून दोन-दोन अंक तोंडपाठ येतात. सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी चौंडक्यावर म्हणणारी जोगतीण आहे.

या शेवटच्या नावाजवळ जरा थांबा. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात १९८२ चा कायदा आहे आणि त्या बायकांनी भोगलेलं गावाला ठाऊक आहे. "आमच्या नाटकात तुमचं पारंपरिक गाणं ठेवतो" म्हणून त्यांना शोभेसाठी उभं करू नका. यायचं की नाही, काय गायचं, ते त्यांनी ठरवावं. आल्या तर साउंडवाल्याला देता तेवढी बिदागी त्यांना द्या. साउंडवाल्याचे पैसे आगाऊ आणि चौंडकंवालीला श्रीफळ, हे मी फार पाहिलंय.

बसायचं कुठं

देवळाचा सभामंडप सगळ्यात सोपा. पंखे असतात, लाइट असते, पंच कमिटी चावीही देते. आम्हीही तिथंच सुरुवात केली होती. एका गल्लीतली तीन पोरं रोज यायची, पण पायरीवर बसायची. "आत या की" म्हटलं की "इथंच बरं वाटतंय, वारा आहे" म्हणायची. वाऱ्याचं कारण खरं नाही हे कळायला मला चार दिवस लागले. पन्नाशी उलटलेल्या, गावातच वाढलेल्या माणसाला! पाचव्या दिवशी आम्ही सतरंजी उचलली आणि शाळेच्या खोलीत गेलो.

म्हणून जागेची कसोटी एकच ठेवा. गावातल्या कुणाला तिथं येताना पाय अडखळतो काय? शाळेची खोली, ग्रामपंचायतीचं सभागृह, बंद पडलेल्या मागाची शेड, यातलं काहीही चालेल. शाळा हवी असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा सुधारणा समिती, पंचायतीची जागा हवी असेल तर पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. दोघांनाही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी होकार बदली झाली की जातो.

सुरुवातीचा गट सात-आठ जणांचा पुरे. त्यात पदं देऊ नका. अध्यक्ष नेमला की दुसऱ्या दिवशी माजी अध्यक्ष तयार होतो.

बायका येत नाहीत ही तक्रार सगळीकडं ऐकू येते. यात्रेच्या नाटकात स्त्री पार्टी बाहेरून ठरवून आणायची सवय आपल्याला इतकी जुनी आहे की गावातली बाई रंगमंचावर येईल हे कुणी धरतच नाही. एकटीला बोलावू नका, तिघी-चौघींना एकदम बोलवा. स्त्री शक्ती संघाची बैठक जिथं आणि जेव्हा असते, तिथं आणि तेव्हाच जा. सून यावी असं वाटत असेल तर आधी सासूला बोलवा. बऱ्याच वेळा सासूच जास्त रंगते. बायकांची तालीम दुपारी तीन ते पाच. रात्री साडेआठला ठेवून "बायका उत्साही नाहीत" म्हणायचं, हा आपलाच कामचुकारपणा.

कानडी की मराठी

हा प्रश्न टाळून सीमाभागात काहीच उभं राहत नाही, म्हणून जरा सविस्तर.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं आणि आपण तिथून मराठी रंगभूमी मोजतो. त्यामागची ठिणगी होती सांगलीच्या दरबारात खेळ करून गेलेली कर्नाटकातली भागवत मंडळी. त्याच १८४३ साली मलप्रभेच्या काठी गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. ते गाव आज बेळगाव जिल्ह्यात, सौंदत्तीकडं आहे. मराठी रसिकांना ज्यांच्या गायकीनं वेड लावलं ते कुमार गंधर्व सुळेभावीचे, कानडी घरातले. आणि कानडी लोकनाट्यांतलं 'संग्या-बाळ्या' बैलहोंगल भागातल्या घटनेवर उभं आहे, 'श्रीकृष्ण पारिजात' गोकाक भागात रुजलं. म्हणजे रंगभूमीच्या बाबतीत या मातीनं सीमारेषा कधी मनावर घेतलेली नाही. ती आपण घेतो.

करायचं काय? पात्र घरात जी भाषा बोलेल तीच रंगमंचावर बोलू द्या. दूधवाला कानडीत हाक मारेल, गिऱ्हाईक मराठीत भाव करेल, दोघं आकडे कानडीत मोजतील. रोज बाजारात हेच चालतं. भाषांतर करत बसू नका. कळीची गोष्ट कृतीतून दाखवा. फारच अडलं तर जुनी युक्ती वापरा: सूत्रधार मराठी, त्याचा सोंगाड्या कानडी, आणि दोघंही दुसऱ्याचं बोलणं मुद्दाम चुकीचं समजून घेतात. हशा पिकतो आणि अर्थही पोचतो.

एक चूक मात्र जीवघेणी आहे. खलनायक कानडी बोलतो आणि नायक मराठी, असं झालं की अर्धं गाव उठून जातं. उलटं झालं तरी तेच. भाषेवरून माणसाचा चांगुलपणा ठरवणारी संहिता पहिल्या वाचनातच बाजूला ठेवा.

आपल्या मराठीला इस्त्री करू नका. "काय करूलास?" हे वाक्य "काय करतो आहेस?" करून म्हणायला लावलं की पोरगं ताठ उभं राहतं, हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नाही. त्याच्या तोंडचं वाक्य त्याला परत द्या, हात आपोआप हलतात.

तारखांचं भान ठेवा. १ नोव्हेंबर, १७ जानेवारी, १ जून या सीमालढ्याशी जोडलेल्या दिवसांच्या आसपास प्रयोग किंवा उद्घाटन ठेवू नका. पोलीस परवानगीही अवघड होते आणि माणसंही आपापल्या गोटात असतात. फलकावर मराठीबरोबर कानडी मजकूर ठेवा, तोही ठळक आणि शुद्ध. कानडी येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, मोबाईलवरच्या भाषांतरावर विसंबू नका. सीमाप्रश्नावर नाटक करूच नये असं माझं म्हणणं नाही. माझीही मतं आहेत आणि ती लपवण्याचं माझं वय नाही. पण ते नाटक तिसऱ्या-चौथ्या वर्षी करा, गटातली माणसं एकमेकांवर चिडून पुन्हा दुसऱ्या दिवशी तालमीला यायला शिकली की.

गोष्टी गोळा करणं

तयार संहिता घ्यायला हरकत नाही, पण पहिलं नाटक गावाच्या गोष्टींवर बेतलं तर माणसं जास्त चिकटतात. तीन आठवडे द्या. प्रश्न साधे ठेवा: माग शेवटचा कधी चालला, त्या दिवशी घरात काय शिजलं होतं? पुराचं पाणी दारात आलं तेव्हा आधी काय उचललंत? "तुमच्या समस्या सांगा" असं विचारलं तर लोक अर्जात लिहितात तसं बोलतात. "काय उचललंत" विचारल्यावर एक आजी आम्हाला म्हणाली, रेशन कार्ड आणि कोंबडी. त्या कोंबडीवर आमचा पहिला प्रवेश उभा राहिला.

याला आपल्याच जिल्ह्यात मोठा दाखला आहे. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली, तेव्हा 'युगांतर' या गटानं १९८२ साली त्यांच्यावर चित्रपट केला. तो बाहेरून बघून केलेला नव्हता. कामगार बायकांबरोबर बसून, त्यांच्याच तोंडून आणि त्यांच्याच सहभागातून केलेला होता. आजही बघताना जाणवतं, त्या बायका कॅमेऱ्याला आपली कैफियत देत नाहीत, आपापसात बोलत आहेत.

नियम दोनच, पण ते मोडू नका. ज्याची गोष्ट आहे त्याला ती प्रवेश बसल्यावर आधी दाखवायची. तो नको म्हणाला तर प्रवेश जातो, कितीही रंगला असला तरी. आणि नाव, गल्ली, नातं बदलायचं. लहान गावात नुसतं नाव बदलून भागत नाही, दोन घरांच्या गोष्टी मिसळाव्या लागतात.

प्रवेश कसा बसवायचा

एक उदाहरण देतो. आमच्या बायकांच्या गटानं विषय निवडला बचत गटाच्या आणि फायनान्सच्या हप्त्यांचा. एकीचा हप्ता चुकतो, वसुलीवाला दारात बसतो आणि गटातल्या बाकीच्या बायकाच तिला टोचायला लागतात. प्रवेश सात मिनिटांचा. सर्वांत वाईट वळणावर थांबवायचा.

मग सूत्रधार प्रेक्षकांना विचारतो, इथं कुणी वेगळं वागलं असतं तर? ज्याला वाटतं त्यानं पुढं यायचं, पात्राच्या जागी उभं राहायचं आणि तोच प्रवेश पुन्हा खेळायचा. ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांनी ही पद्धत रुळवली, तिला फोरम थिएटर म्हणतात. सांगायला सोपी आहे, करायला सूत्रधार फार थंड डोक्याचा लागतो. त्यानं उत्तर सुचवायचं नाही, पुढं आलेल्याला शाबासकी द्यायची नाही, फक्त प्रेक्षकांना विचारायचं: असं होईल काय? आपल्या गावात?

आम्हाला वाटलं होतं, लोक कर्जदार बाईच्या जागी येतील. पहिली जी आली ती शेजारणीच्या जागी उभी राहिली. वसुलीवाल्याला तिनं चहा दिला, बसवला आणि म्हणाली, "आता तुमच्या साहेबांचा नंबर लावा, मी बोलते." प्रेक्षकांत शांतता. मग मागून कानडीत कुणीतरी ओरडलं, "हौदू, हंगे माडबेकु!" होय, असंच करायला हवं! असा क्षण लिहून आणता येत नाही.

प्रयोगानंतर मात्र माहितीचं टेबल ठेवलंच पाहिजे. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकानं फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम काढला, पुढं त्याचा कायदा झाला, त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे त्या बायकांना माहीत नव्हतं. एक वकील आणि एक बँकेत काम केलेला माणूस टेबलाशी बसवा. जखम उघडी करून घरी पाठवणं हे नाटक नव्हे.

तालमीचं पंचांग

पाऊस पडला की भाताची लावणी, नोव्हेंबर-डिसेंबरला सुगी, मग उसाची तोड, मार्चला एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा. मधे जानेवारी ते फेब्रुवारी एवढा काळ त्यातल्या त्यात मोकळा. मागवाल्यांच्या गल्लीत पाळी कधी सुटते ते विचारून वेळ ठरवा. आणि एक स्थानिक सोय विसरू नका: ज्या गावात यात्रेआधी वार पाळणूक असते, तिथं त्या दिवशी शेतात कुणी जात नाही. तालमीला तो दिवस सोन्यासारखा. पण आधी पंचांशी बोलून घ्या, नाहीतर "वाराला ढोलकी कुणी वाजवली" यावर बैठक बसते.

रोज दीड तास पुरे. पहिली पंधरा मिनिटं चिरमुरे-चहा आणि गप्पा, ती वाया जात नाहीत. हजेरीवही ठेवा, ओरडण्यासाठी नव्हे. सलग दोन दिवस कुणी आलं नाही तर तिसऱ्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जायचं. बहुतेक वेळा आजारपण निघतं, कधी दारू, कधी भाऊबंदकी.

परवानग्या आणि पैसे

हे भरभर सांगतो. उघड्यावर प्रयोग असेल तर पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी, जागा पंचायतीची असेल तर तिचं पत्र, आणि विजेसाठी हेस्कॉमचं तात्पुरतं कनेक्शन. खांबावर आकडा टाकून दिवे लावू नका. पकडले गेलात तर गटाचं नाव पहिल्याच वर्षी जातं आणि शॉक लागला तर त्याहून वाईट. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, म्हणून सातला सुरू करा. निवडणुकीची आचारसंहिता लागू आहे काय ते तहसीलदार कचेरीत विचारा.

दुसऱ्याचं नाटक करणार असाल तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या. हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे, तरी पत्र लिहावं, ती रीत आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. गडकरी १९१९ साली गेले, त्यांची नाटकं मोकळी. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांच्यासाठी अजून विचारायला हवं.

संस्था नोंदवायची घाई करू नका. कर्नाटकच्या १९६० च्या कायद्याखाली सात सभासद लागतात, ते मिळतात. पण हिशेब आणि वार्षिक कागद नेमानं भरणारा एक जण लागतो, तो मिळत नाही. दोन प्रयोग झाल्यावर नोंदवा. मग सांस्कृतिक खात्याकडं किंवा नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडं अर्ज करता येतो.

तोवर पावती पुस्तक आणि लहान लहान वर्गणी. एका पुढाऱ्याकडून सगळा खर्च घेतलात तर पडद्यापेक्षा त्याचा फ्लेक्स मोठा असतो. हिशेब प्रयोगानंतर आठ दिवसांत शाळेच्या फलकावर लावा, चहाच्या कपांसकट. दिव्यांवर पैसे उधळू नका, पहिल्या प्रयोगाला चार हॅलोजन आणि चित्ररथवाल्या पोराची अक्कल पुरते.

प्रयोगाची रात्र

हॉल नको, गल्लीच बरी. बेळगावातल्या रंगमंदिरात प्रयोग करायची हौस सगळ्यांना असते, ती दुसऱ्या वर्षी भागवा. पहिला प्रयोग जिथली गोष्ट तिथं करा. पाहुण्यांची भाषणं प्रयोगानंतर ठेवा, म्हणजे ती आपोआप लहान होतात.

आणि नंतर

खरं काम आठव्या दिवशी कळतं. टाळ्या मोजू नका. तालमीला येणारी किती माणसं प्रयोग संपल्यावरही भेटतात? शाळेची खोली पुन्हा उघडली गेली काय? माहितीच्या टेबलावरून किती जण पुढं कचेरीत गेले? पायरीवर बसणारी पोरं आता कुठं बसतात? हे एका वहीत लिहा आणि वर्षानं पुन्हा बघा.

उतावीळ होऊ नका. शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या खेड्यात नीनासम ही नाट्यसंस्था सुरू झाली १९४९ साली. ती उभी करणाऱ्या के. व्ही. सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला १९९१ साली. मधली बेचाळीस वर्षं सुपारीच्या बागा सांभाळणारी माणसं संध्याकाळी एकत्र येत होती. कधी जमलं तर गाडी करून गटाला तिकडं नेऊन आणा.

गटाची एक लोखंडी पेटी करा. तिच्यात हजेरीवही, पावती पुस्तकं, दोन साड्या, एक फेटा, घुंगरू, वायरचं भेंडोळं, बॅटरी आणि सतरंजी. चावी दर तीन महिन्यांनी दुसऱ्या गल्लीत. आमच्या सतरंजीचा एक कोपरा गेल्या पावसात उंदरानं कुरतडलाय. नवी घ्यायची की त्याला ठिगळ लावायचं, यावर मागच्या बैठकीत पाऊण तास भांडण झालं, मराठीत आणि कानडीत, आणि अजून मिटलेलं नाही.